घरगुती बिअर : डबा, किण्व आणि घनतामापी

इंग्लंडमध्ये घरी बिअर करणाऱ्यांसाठी जी दुकाने आहेत, तेथील मालात एक बुटका, जड डबा हमखास आढळतो. त्याचे वजन दीड ते पावणेदोन किलोग्रॅम असते. आत काकवीसारखा दाट, तपकिरी पाक असतो आणि झाकणावरच्या टोपीत पाच ते सात ग्रॅम वाळलेल्या किण्वाची पुडी ठेवलेली असते. किण्व म्हणजे पाववाले ज्याला यीस्ट म्हणतात तेच. डब्याच्या वेष्टनावर कृती छापलेली असते : पाक गरम पाण्यात विरघळवा, एक किलो साखर घाला, थंड पाणी ओतून एकंदर तेवीस लिटर करा, वर किण्व भुरभुरवा, झाकून ठेवा आणि आठवड्याने बाटल्यांत भरा. चाळीस पाइंट बिअर तयार! पुरणपोळीची कृती याहून कितीतरी लांब असते.

ही कृती खोटी नाही. परंतु ती वाचणाऱ्याचा असा समज होतो की, बिअर हा काही जिन्नस एकत्र कालवून होणारा पदार्थ आहे. वस्तुतः डबा उघडणारा माणूस बिअर करीत नाही. बिअर किण्व करते. माणसाच्या हाती एवढेच असते की, त्या सूक्ष्म जीवाला स्वच्छ जागा, योग्य उष्णता आणि पुरेसा अवधी द्यावयाचा आणि त्याचे काम संपले की नाही हे पाहावयाचे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत दुर्लक्षित राहते. वेष्टनावर ‘आठवड्याने’ असे छापलेले असते. पण किण्वाला वार-तारीख ठाऊक नसते. या एका शब्दावर विसंबल्यामुळे काचेच्या बाटल्या फुटून माणसे जखमी होऊ शकतात. म्हणून या छंदामागील रसायन आणि जीवशास्त्र थोड्या विस्ताराने पाहणे अगत्याचे आहे.

डब्याचा पूर्वेतिहास

माल्टाच्या पाकाच्या डब्याला खरा बाजार मिळाला तो दारूबंदीमुळे, ही गोष्ट कोणासही विलक्षण वाटेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९२० पासून १९३३ पर्यंत देशव्यापी दारूबंदी होती. मद्य करणे व विकणे हा गुन्हा होता. परंतु माल्टाच्या पाकात मद्यार्काचा थेंबही नसल्याने आणि पावाच्या पिठात तो घालण्याची रीत असल्याने त्याच्या विक्रीला आडकाठी नव्हती. वाणसामानाच्या दुकानांत हे डबे उघडपणे मिळत. त्यांतील काहींत हॉपचा कडू अर्कही मिसळलेला असे. कडू पाव कोणत्या घरी भाजला जात असेल, असा प्रश्न दुकानदाराने विचारल्याचे ऐकिवात नाही!

दारूबंदी उठली तरी घरी बिअर करण्याला अमेरिकेत मुभा मिळाली नाही. घरगुती द्राक्षमद्याला ती मिळाली. बिअर कायद्याच्या शब्दांतून निसटली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ही त्रुटी दूर झाली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून एका प्रौढ व्यक्तीस वर्षाला १०० गॅलन, दोन वा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन बिअर स्वतःच्या वापरासाठी कर न भरता करता येऊ लागली. तथापि संस्थानांचे कायदे निराळे होते. अलाबामा आणि मिसिसिपी या दोन संस्थानांनी २०१३ साली मुभा दिली.

ब्रिटनची कथा वेगळी आहे. तेथे शेतकऱ्यांच्या घरोघरी बिअर होत असे आणि ते काम बहुधा स्त्रियांकडे असे. १८८० साली ग्लॅडस्टन यांनी माल्टावरील जुना कर काढून खुद्द बिअरवर कर बसविला आणि घरी बिअर करणाऱ्यांना परवाना घेणे भाग पाडले. ही अट १९६३ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी रद्द केली. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत बिअरचे डबे औषधविक्रेत्यांच्या दुकानांतही दिसू लागले. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड येथील कूपर्स हा १८६२ पासून चालत आलेला बिअरचा कारखाना स्वतःच असे डबे विकतो. स्वतःच्या गिऱ्हाइकाला स्वतःचाच प्रतिस्पर्धी बनविण्याचा हा व्यवहार मोठा मजेदार आहे.

भारतात मद्याचे नियंत्रण राज्यांकडे आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे आणि त्यानुसार परवान्यावाचून मादक पेय तयार करणे हा गुन्हा ठरतो. काही राज्यांत आदिवासी समाजांना घरगुती वापरापुरती सवलत आहे. म्हणून या पुस्तिकेतील वर्णन जेथे कायदा मुभा देतो अशा देशांतील रीतीचे आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

डब्यात काय असते

बिअरचे मूळ धान्य जव, म्हणजेच सातू. जवाच्या दाण्यात पिष्ट भरपूर असते. पण किण्वाला पिष्ट खाता येत नाही, त्याला शर्करा लागते. ही अडचण दाणा स्वतःच सोडवितो. तो भिजवून ओलसर ठेवला म्हणजे त्याला मोड येऊ लागतात आणि कोंबाला अन्न मिळावे यासाठी दाण्यात पिष्टाचे तुकडे करणारी विकरे तयार होतात. ही क्रिया आपल्या स्वयंपाकघराला अपरिचित नाही. मोड आणलेल्या नाचणीच्या पिठाची पेज साध्या पिठाच्या पेजेहून पातळ होते आणि किंचित गोडही लागते. लहान मुलांना ती देतात त्याचे कारण हेच. तेथे जे नाचणीचे होते, तेच येथे जवाचे.

मोड पुरते वाढण्यापूर्वी दाणे गरम हवेत सुकवितात. वाढ थांबते, विकरे मात्र टिकतात. या दाण्याला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले म्हणजे विकरे जागी होतात आणि पिष्टाची शर्करा होऊ लागते. हा गोड रस गाळून कारखान्यात त्यातील पाणी कमी दाबाखाली उडवितात. दाब कमी असला की पाणी कमी उष्णतेवर उकळते आणि रस करपत नाही. साखर कारखान्यात उसाचा रस आटविताना हीच युक्ती वापरतात. शेवटी जो पाक उरतो त्यात पाण्याचा अंश जेमतेम पाचवा हिस्सा असतो. मधाप्रमाणे किंवा मुरांब्याप्रमाणे तो न नासता दीर्घकाळ राहतो, कारण एवढ्या दाट शर्करेत जंतूंना पाणीच मिळत नाही.

राहिला कडवटपणा. तो हॉप नावाच्या वेलीच्या मादी फुलांतून येतो. या फुलांतील आम्ले पाण्यात सहजी विरघळत नाहीत. रसाबरोबर तासभर उकळल्यावर त्यांच्या रेणूंची रचना बदलते, तेव्हा ती विरघळतात आणि कडू लागतात. डब्यातील पाकात हा अर्क अगोदरच मिसळलेला असतो. मोड आणणे, भिजविणे, गाळणे, उकळणे, आटविणे हा सारा खटाटोप अशा रीतीने कारखान्यात उरकलेला असतो. घरी उरते ते किण्वन.

वेष्टनावरील एक किलो साखरेविषयी मात्र दोन शब्द सांगणे जरूर आहे. साखर स्वस्त आहे आणि मद्यार्क वाढविते, हे खरे. परंतु साखरेचा कण न् कण किण्व खाऊन टाकते. मागे काही राहत नाही. माल्टातील शर्करांपैकी काही मोठे रेणू किण्वाला पचत नाहीत आणि त्यांच्यामुळेच बिअरला जिभेवर जाणवणारा दाटपणा येतो. म्हणून साखरेवर भर दिलेली बिअर पाणचट लागते. जाणते लोक साखरेच्या जागी माल्टाचाच दुसरा डबा किंवा वाळविलेल्या माल्टाची भुकटी घालतात. खर्च वाढतो, पण पहिल्याच खेपेस निराश होऊन हा छंद सोडण्यापेक्षा तो खर्च परवडला.

पुडीतील जीव

१५१६ साली बव्हेरियात बिअरसंबंधी जो प्रसिद्ध नियम झाला, त्यात जव, हॉप आणि पाणी एवढेच घटक मान्य करण्यात आले. किण्वाचा त्यात उल्लेख नाही. तळाशी बसणारा गाळ पुढच्या खेपेस उपयोगी पडतो हे कारागिरांना माहीत होते. विरजणाचा चमचा राखून ठेवणाऱ्या गृहिणीलाही ते माहीत असते. तो गाळ जिवंत आहे आणि मद्यार्क हे त्याच्या जीवनव्यापाराचे फळ आहे, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाली. लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. बिअर बिघडते ती परक्या जंतूंमुळे, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. पुढे १८८३ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियान हान्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढविलेले शुद्ध किण्व मिळविले. बिअर बिघडविणाऱ्या रानटी किण्वांना वगळून हवे तेच वाढविता येऊ लागले. १८९७ मध्ये एदुआर्ट बुखनर यांनी किण्वाच्या पेशी चिरडून काढलेला निर्जीव रसही शर्करेचा मद्यार्क करतो असे दाखविले, तेव्हा पेशीतील विकरे हीच या क्रियेची खरी कर्ती आहेत हे कळले. त्याबद्दल त्यांना १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

डब्याच्या झाकणावरची पुडी ही या संशोधनाची वारस होय. तिच्यातील प्रत्येक ग्रॅममध्ये कित्येक अब्ज पेशी सुप्तावस्थेत असतात. त्या शर्करेचे काय करतात याचा हिशेब सोपा आहे : १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड वायू होतो. म्हणजे जवळजवळ निम्मी शर्करा वायू होऊन जाते. वेष्टनावरील एक किलो साखरेपासूनच सुमारे अर्धा किलो वायू निघतो आणि घरातील हवेच्या उष्णतेला त्याचे आकारमान पावणेतीनशे लिटरांच्या घरात जाते. माल्टापासून निघणारा वायू निराळाच. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पहिला दिवस

पहिल्या दिवसाचे अर्धे अधिक काम धुण्याचे असते. ज्या वस्तूचा रसाशी संबंध येणार ती प्रत्येक वस्तू, मग ती बादली असो, ढवळण्याची काठी असो वा नळी, प्रथम घासून स्वच्छ करावयाची आणि मग जंतुनाशक द्रावणात बुडवावयाची. या दोन निराळ्या क्रिया आहेत. मळावर ओतलेले जंतुनाशक मळाखालच्या जंतूंपर्यंत पोहोचत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीला तारेच्या ब्रशने घासणे ही नवख्यांची नेहमीची चूक; बारीक चरे पडतात आणि त्यांत जंतूंना कायमचे घर मिळते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. त्याचा माल्टातील फिनॉल जातीच्या द्रव्यांशी संयोग होऊन औषधी पट्टीसारखा वास येतो आणि तो कधीही जात नाही. इंग्लंडमधील लोक त्यासाठी पाण्यात मेटाबायसल्फाइटची गोळी चुरून टाकतात.

पाक विरघळला, थंड पाणी घालून तेवीस लिटर झाले, की तो जोराने ढवळतात. किण्वाला वाढीच्या आरंभी प्राणवायू हवा असतो. पुढे मात्र हाच प्राणवायू बिअर शिळी करतो. म्हणून किण्वन सुरू झाल्यावर ढवळणे बंद. किण्व घालण्यापूर्वी रसाची उष्णता मोजावी लागते. ती १८ ते २१ अंशांच्या दरम्यान असावी. इंग्लंडच्या घरात हे साधणे कठीण नाही; तेथील अडचण उलट, रात्रीच्या थंडीची असते. गरम पाण्याच्या टाकीजवळचे जे कपडे वाळविण्याचे कपाट तेथील घरांत असे, तेथे बादली ठेवण्याची प्रथा त्यातूनच पडली. पंचवीस अंशांच्या वर गेल्यास किण्व घाईने काम करते आणि मद्यार्काबरोबर इतर जड अल्कोहॉले निर्माण होऊन चव उग्र होते. काही डब्यांवर ‘लागर’ असे लिहिलेले असते. खऱ्या लागरचे किण्व दहा-बारा अंशांच्या गारव्यात आठवडेच्या आठवडे काम करते. पुष्कळ डब्यांतील पुडीत मात्र साधे, उबदार हवेत चालणारे किण्वच असते. नावावर जाऊ नये.

झाकणाला पाण्याने भरलेली एक वळणदार नळी बसवितात. मोरीच्या नळाला जो बाक असतो त्याच तत्त्वावर ती चालते : आतला वायू पाण्यातून बुडबुड्यांनी बाहेर पडतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. बादली लहानशा बंद खोलीत ठेवू नये; शेकडो लिटर वायू निघावयाचा असतो आणि तो हवेहून जड असतो.

दिनदर्शिका आणि तरती नळी

बारा ते चोवीस तासांत रसावर फेसाचा थर चढतो. दोन-तीन दिवस बुडबुड्यांचा आवाज खोलीभर ऐकू येतो. मग तो मंदावतो आणि बहुधा आठवड्याच्या आत थांबतो. वेष्टनावरचा ‘आठवडा’ भरला, बुडबुडे थांबले. गृहस्थ बाटल्या काढतो. नेमके येथेच चुकते. बुडबुडे थांबण्याची कारणे अनेक असतात. झाकण सैल असेल तर वायू बाजूने जातो आणि नळी गप्प राहते. थंडी वाढली तर किण्व काम अर्धवट टाकून तळाशी निजते. उलट, किण्वन संपल्यावरही उष्णता वाढल्याने विरघळलेला वायू सुटतो आणि बुडबुडे येत राहतात. बुडबुडे हे निव्वळ लक्षण आहे. ते माप नव्हे.

माप देणारे साधन साधे आणि स्वस्त आहे. ते म्हणजे हायड्रोमीटर, अर्थात द्रवाची घनता मोजणारी काचेची तरती नळी. दुधात पाणी घातले की काय हे पाहण्यासाठी डेअरीत जो लॅक्टोमीटर वापरतात, त्याचीच ही भावंड. शुद्ध पाण्यात ती १.००० या खुणेपर्यंत बुडते. शर्करा विरघळलेली असेल तर द्रव जड होतो आणि नळी वर उचलली जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन रिचर्डसन यांनी हे साधन इंग्लंडमधील बिअरच्या व्यवसायात आणले. कोणत्या धान्यातून किती सत्त्व निघाले हे त्यापूर्वी कोणी नेमके सांगू शकत नव्हते.

वर वर्णिलेला डबा आणि एक किलो साखर घातल्यास पहिल्या दिवशी विशिष्ट गुरुत्व १.०४० च्या जवळपास भरते. किण्वन चालू झाले की शर्करा घटते आणि पाण्याहून हलका मद्यार्क वाढतो. दोन्ही कारणांनी नळी खाली खाली जाते. शेवटी ती १.००६ च्या आसपास स्थिर होते. स्थिर हा शब्द महत्त्वाचा. लागोपाठ दोन दिवस तोच आकडा आला आणि तो अपेक्षित आकड्याजवळ असला, तरच किण्वन संपले असे धरावयाचे. आकडा १.०१८ वरच अडकला असेल तर स्थिर असूनही तो संशयास्पद समजावा. बादली उबदार जागी हलवून, तळाचे किण्व हलक्या हाताने उठवून आणखी काही दिवस वाट पाहावी. वाचन घेताना नळी बोटांनी गरकन फिरवितात, म्हणजे तिला चिकटलेले बुडबुडे सुटतात. अन्यथा ते नळीला वर उचलून खोटा आकडा देतात. मोजण्यासाठी काढलेला नमुना पुन्हा बादलीत ओतावयाचा नसतो.

याच दोन आकड्यांतून मद्यार्काचे प्रमाणही कळते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या वाचनांतील फरकास १३१ ने गुणावे. ०.०३४ गुणिले १३१ म्हणजे सुमारे साडेचार टक्के. विकतच्या बाटलीवर प्रमाण छापलेले असते. घरच्या बाटलीवर ते मोजल्याशिवाय कोणालाच ठाऊक नसते, आणि साखरेची एक जादा पिशवी पडली तर ते सहा टक्क्यांपर्यंत सहज जाते. पाहुण्याला पेला देणाऱ्याने हे जाणणे आवश्यक आहे. त्याला गाडी चालवावयाची असेल तर विशेषच. मद्ययुक्त पेये कर्करोगास कारणीभूत होतात, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दिला आहे; घरी केलेले पेय त्याला अपवाद नाही.

बाटलीतील दाब

बादलीतील बिअर जवळजवळ निर्वात असते, म्हणजे तिच्यात वायूचा जोर नसतो. तो येण्यासाठी बाटल्या भरताना दर लिटरला सुमारे सहा ग्रॅम साखर घालतात आणि बूच घट्ट बसवितात. शिल्लक किण्व ही साखर खाते. वायूला वाट नसल्याने तो बिअरमध्ये विरघळतो. एवढ्या साखरेपासून होणारा वायू आणि अगोदरचा शिल्लक वायू मिळून बिअरच्या आकारमानाच्या जवळजवळ अडीच पट होतो. वीस अंशांना बाटलीत हवेच्या दाबाहून दीड-पावणेदोन पट अधिक दाब निर्माण होतो. जाड काचेची बिअरची बाटली तो सहज सोसते.

आता असे समजा की, गृहस्थाने तारीख पाहिली, घनता पाहिली नाही. बिअर १.०१४ वर असताना बाटल्यांत गेली. अजून आठ अंक उतरावयाचे आहेत. विशिष्ट गुरुत्वाच्या तिसऱ्या दशांश स्थानाचा दर एक अंक म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या अर्ध्याइतका वायू. आठ अंकांचा चार पट झाला आणि मुद्दाम घातलेल्या साखरेचा वेगळा. एकंदर सहा पटींहून अधिक वायू त्या बंद जागेत कोंडला जातो आणि दाब हवेच्या दाबाच्या सहा-सात पटींपर्यंत चढतो. बाटली जुनी असेल, तिला तडा असेल, कपाट उबदार असेल, तर ती फुटते; एक फुटली की तिच्या धक्क्याने शेजारच्या फुटतात. काच डोळ्यांत जाण्याचा धोका खरा आहे. द्राक्षमद्याच्या पातळ बाटल्या किंवा मुरब्ब्याच्या बरण्या यासाठी कधीही वापरू नयेत. नवख्याने सोडावॉटरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्याव्यात. दाबून पाहिले तर त्या किती टणक झाल्या हे कळते आणि फुटल्याच तरी धारदार तुकडे उडत नाहीत. काचेच्या बाटल्यांत दाब अधिक झाल्याचा संशय आल्यास त्यांना हात लावण्यापूर्वी जाड कापड गुंडाळावे, डोळ्यांना चष्मा लावावा आणि त्या थंड जागी नेऊन मग एकेकीचे बूच सैल करावे.

बाटली तपकिरी असावी, यालाही कारण आहे. प्रकाशामुळे हॉपमधील कडू द्रव्याचे विघटन होऊन गंधकयुक्त, दुर्गंधी संयुग तयार होते. पारदर्शक बाटलीतील बिअर उन्हात थोडा वेळ राहिली तरी नासते. आठवडाभर उबेत आणि पुढे दोन-तीन आठवडे गारव्यात ठेवल्यावर तळाशी किण्वाचा पातळ थर बसतो. ओतताना बाटली एकदाच, सावकाश कलती करून शेवटचा बोटभर भाग मागे ठेवतात.

एक भीती, योग्य आणि अयोग्य

घरी केलेल्या दारूने माणसे आंधळी होतात आणि मरतात, ही वृत्ते भारतात वारंवार वाचावयास मिळतात. म्हणून डब्यातील बिअरविषयीही तोच संशय घेतला जातो. त्या दुर्घटनांचे कारण मिथेनॉल हे विषारी अल्कोहॉल होय आणि ते बहुतेक वेळी कारखान्यात वापरावयाचे मिथेनॉल नफ्याच्या लोभाने मिसळल्यामुळे आलेले असते. किण्वनात मिथेनॉल होते ते मुख्यतः फळांतील पेक्टिनपासून. जव आणि साखर यांत पेक्टिन नगण्य असते. शिवाय बिअरची आम्लता, मद्यार्क आणि हॉप यांमुळे तिच्यात रोगजंतू तग धरत नाहीत. बिघडलेली बिअर आंबट किंवा दुर्गंधी लागते, ती ओतून द्यावी लागते. परंतु ती विष नव्हे. ऊर्ध्वपातन करून कडक दारू काढणे ही मात्र सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. ब्रिटनमध्येही घरी ते करण्यास परवाना लागतो, आणि आगीचा धोका वेगळाच.

धान्याच्या पिशव्या

डब्यांनी ज्यांचे समाधान होत नाही त्यांच्यासाठी दुसरा प्रकार आहे. त्यात पाक नसतो. भरडलेले माल्ट, तोलून दिलेली हॉप आणि किण्व यांच्या पिशव्या आणि एका कागदावर कृती असते. येथे कारखान्याचे काम घरी येते. भरडलेले माल्ट तासभर ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात ठेवावे लागते आणि दोन-तीन अंशांचा फरक चवीत उतरतो. कारण विकरे दोन प्रकारची असतात : एक कमी उष्णतेत पिष्टाच्या साखळीची टोके तोडून किण्वाला पचणारी शर्करा करते, दुसरे अधिक उष्णता सोसते, साखळी मधूनच तोडते आणि न पचणारे तुकडे मागे ठेवते. ६३ अंशांवर केलेली बिअर हलकी व कडक होते, ६९ अंशांवरची दाट आणि गोडसर. तास संपल्यावर रसाचा थेंब बशीत घेऊन त्यावर आयोडीन टाकतात. निळा-काळा रंग आला तर पिष्ट शिल्लक आहे. न आला तर रस गाळून उकळावयास ठेवतात.

पिष्टाची शर्करा करण्यास मोड आलेले धान्यच हवे असे नाही. सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात लिंबू, राई इत्यादी समाजांतील स्त्रिया तांदळाच्या पिठाच्या ‘मर्चा’ नावाच्या वाळविलेल्या चपट्या वड्या करतात. त्या बाजारात विकतही मिळतात आणि एका अर्थी त्याही पुड्याच आहेत. मात्र त्यांत किण्वाबरोबर बुरशीही असते आणि पिष्ट फोडण्याचे काम ती करते. शिजविलेल्या नाचणीवर, जिला तेथे कोदो म्हणतात, मर्च्याची पूड घालून ती झाकून ठेवली की काही दिवसांत आंबते. हे आंबलेले धान्य ‘तोंबा’ नावाच्या बांबूच्या भांड्यात भरून वर गरम पाणी ओततात आणि काही मिनिटांनी बांबूच्याच बारीक नळीने रस ओढतात. पाणी संपले की पुन्हा ओतावयाचे. दोन-तीन खेपा तरी रस उतरतो.